घरासाठी बंदूक घेताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर वडिलांची डबल बारची बाराबोअर, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक आहे. त्यांच्या माघारी ती रीतसर माझ्या नावावर झाली. त्यामुळे आसपास कुठं दरोडा पडला की चार दिवसांत कुणी ना कुणी चहाला येतं आणि विषय काढतं, "दादा, आम्हीबी एक घेऊन टाकावी म्हणतोय. कुठली घेऊ?"

मी आधी उलट विचारतो, घर कसलं आहे आणि रात्री कोण कुठं झोपतं? बंदूक घराच्या मापानं निवडायची असते. लोक मात्र आधी बंदूक ठरवून मोकळे होतात. बहुतेक चुका तिथंच सुरू होतात.

मोबाईलवर बघून बोअर (नळीचं माप) ठरवणं

व्हिडिओत दिसणारं ९ एमएमचं पिस्तूल आपल्याकडं सामान्य माणसाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर आहे, पॉइंट ३०३ रायफलही तशीच. आपल्यापुढं खरे पर्याय मोजकेच: पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट २२, पॉइंट ३१५ रायफल आणि बाराबोअर. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक मागणाऱ्याकडं कायदा जरा मोकळ्या मनानं बघतो. बाराबोअर त्यातच बसते. रिव्हॉल्व्हरसाठी जिवाला धोका का आहे, हे जास्त पटवून द्यावं लागतं.

शहरात राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची चौकशी होते. "त्यापेक्षा एक गावठी कट्टा घेतो" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं कैद आहे, ती पाच वर्षांपर्यंत जाते. आणि साध्या पाइपातून बनवलेली नळी हातातच फुटू शकते, ते वेगळंच.

गोळी पुढं कुठं जाईल, हे न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सगळेच करतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातलं एखादं जुनं घर डोळ्यासमोर आणा. पुढं कापड विणायचा माग, मागं दोन खोल्या, मध्ये पत्र्याची नाहीतर प्लायवूडची आडभिंत, आणि पलीकडं शेजाऱ्याचं कुटुंब झोपलेलं. पॉइंट ३२ ची हुकलेली गोळी तो पत्रा सहज पार करते. बाराबोअरचे मोठे छर्रेही करतात. अशा घरात मी कुणालाच बंदूक सुचवत नाही. लोखंडी दार, आतून दोन कड्या आणि बोळात रात्रभर दिवा, एवढं आधी करा म्हणतो.

वस्तीवर भिंतीचा प्रश्न नसतो, तिथं अंतराचा असतो. ज्वारी काढून झाली की शिवार मोकळं होतं आणि लांबच्या वस्तीवरचा दिवा इथून थेट दिसतो. पॉइंट ३१५ ची गोळी एक किलोमीटरच्या पुढंही जीव घेऊ शकते. म्हणजे तो दिवा तिच्या टप्प्यात आला. त्यात उन्हाळ्यात आपली माणसं अंगणात बाजा टाकून झोपतात. घरासाठी रायफल मला म्हणूनच पटत नाही. बाराबोअरच्या छर्ऱ्यांचा जोर फार लवकर ओसरतो. वस्तीसाठी तीच बरी.

पण तिच्याबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे: "छर्रे पसरतात, नेम लागत नाही." खोलीच्या अंतरावर, पाच-सहा मीटरवर, सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत जातात. नेम धरावाच लागतो.

घरातल्या माणसांचा विचार न करणं

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. ही गोष्ट शिकलेल्यांनाही माहीत नसते. वडिलांच्या नावाची बंदूक मुलानं रात्री राखणीला घेऊन फिरणं हा गुन्हा आहे. परवानाधारक वारला तर वारसांनी शस्त्र लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून मग आपल्या नावाचा अर्ज करायचा. वडील हयात असतील तर, त्यांचं वय ७० झालं की किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडं असली की, वारसाच्या नावावर करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. हे काम पुढं ढकलू नका.

घरात लहान पोरं असतील, कुणी फार दारू पीत असेल, कुणाचं मन खचलेलं असेल, तर बंदूक घरात आणूच नका. मी हे तोंडावर सांगतो, माणूस नाराज झाला तरी. चोर वर्षानुवर्षं येत नाही. ती माणसं घरात रोज असतात. आधीच बंदूक असेल तर ती कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाच्या अंगावर. उशीखाली, धान्याच्या कणगीत, देवघरामागं ठेवायची सवय मोडा.

अंधारात आधी चाप, मग चौकशी

रात्री अंगणात आलेलं माणूस कोण असेल? ऊसतोडीच्या टोळीतला कुणी पाणी मागायला आलेला असतो. लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला निघालेला शेजारी असतो. शेवटच्या गाडीनं आलेला आपलाच पोरगा असतो. म्हणून पहिल्यांदा बॅटरी, मोठ्यानं हाक, ११२ ला फोन. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा (एका फोनवर अख्ख्या गावाला निरोप देणारी सोय) चालू असेल तर तिचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवा.

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात. सूर्यास्तानंतर कुणी घर फोडून आत शिरत असेल तर हा हक्क मोठा आहे. पण बचावाला लागेल तेवढाच जोर वापरायचा, हे त्याच कायद्यात लिहिलंय. पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचावात बसवणं फार अवघड जातं. दहशतीसाठी हवेतही उडवू नका. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरते.

बंदूक कोपऱ्यात उभी करून विसरणं

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आमची बंदूक एक अख्खा पावसाळा कपाटात उभी होती. दिवाळीच्या आधी मी ती मोडली, म्हणजे बिजागरीत वाकवून उघडली, दाराच्या उजेडाकडं धरली आणि मागच्या बाजूनं नळ्यांतून पाहिलं. उजव्या नळीतून उजेडाचं गोल कडं स्वच्छ दिसलं. डावी काळीकुट्ट. गज घातला तर अर्ध्यावर अडला आणि वाळलेल्या मातीचे खडे खाली पडले. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. त्या नळीतून काडतूस उडवलं असतं तर नळी माझ्या डाव्या हातापाशी फुटली असती. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी नळ्या बघतो. गज, कोरडी चिंधी, तेलाचा हलका हात, पुन्हा कोरडी चिंधी. तेल थबथबलं की आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि चिखल होतो.

काडतुसं पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश असतं, माळ्यावर त्याहून जास्त. कागदी आवरणाची जुनी काडतुसं दमट हवेत फुगतात आणि नळीत अडकतात. फुगलेलं काडतूस ठोकून बसवू नका, वापरूच नका.

सरावाच्या वेळी चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच मोडून बघायची घाई करू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा. कधी कधी बार उशिरा होतो. आणि नेहमीचा दणका न येता फुसका आवाज आला, तर दुसरं काडतूस भरण्याआधी नळी रिकामी आहे का बघा. आतला माल अडकलेला असू शकतो, आणि त्याच्यामागून दुसरा बार गेला तर नळी फुटते.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याची नोटीस आली तर ती वेळेत जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर आपल्या परवान्याशी जुळवून घ्या, आणि तिथंच दोन्ही नळ्यांचा, दस्त्याचा मोबाईलवर फोटो काढा. परत आणताना तो फोटो समोर ठेवून सगळं ताडून बघा. घरी आल्यावर कुलपात ठेवण्याआधी मोडून, उजेडाकडं धरून, दोन्ही नळ्या पुन्हा एकदा पाहा.