सहावी ते आठवीसाठी शैक्षणिक संकेतस्थळे वापरताना या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या वर्गांना उपयोगी पडतील अशी विनामूल्य आणि विश्वासार्ह संकेतस्थळे आज भरपूर आहेत. अडचण आहे ती त्यांच्या वापरात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एका दमात दहा-बारा लिंक पाठवल्या जातात, पाठवणाऱ्याने त्यांतील बहुतेक स्वतः उघडून पाहिलेल्या नसतात आणि मुले पहिल्या दोन लिंक पाहून मोबाइल बाजूला ठेवतात किंवा दुसरेच काहीतरी पाहू लागतात. म्हणून आधी धडा घ्यावा, त्यातील कोणता मुद्दा मुलांना अडतो ते ठरवावे आणि त्या एका मुद्द्यासाठी एकच संकेतस्थळ निवडावे.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे शोधयंत्रात ‘सातवी विज्ञान पीडीएफ’ असे लिहून जे पहिले सापडेल ते उतरवून घेणे. अशा पानांवर ‘डाउनलोड’ लिहिलेली अर्धी बटणे जाहिरातींची असतात आणि हाती येणारे पुस्तक जुन्या आवृत्तीचे असू शकते. ई-बालभारतीच्या अधिकृत संकेतस्थळावर हीच पुस्तके विनामूल्य मिळतात, त्यामुळे दुसरीकडे जाण्याचे कारणच नाही. 2023-24 मध्ये राज्यात आठवीपर्यंतची पुस्तके चार भागांत आणि वहीच्या पानांसह दिली गेली होती, त्यामुळे घरातील मोठ्या भावंडाच्या पुस्तकाशी पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. गृहपाठ देताना पान क्रमांकाऐवजी प्रकरणाचे नाव आणि स्वाध्यायाचा क्रमांक सांगितला, तर हा गोंधळ होत नाही. पीडीएफमधील मराठी मजकूर कॉपी करून प्रश्नपत्रिकेत चिकटवला की अनेकदा अक्षरांची मोडतोड होते. दोष संगणकाचा नसून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा असतो. अशा वेळी मजकूर मोबाइलवर बोलून टंकलेखन करून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

‘दीक्षा’ हा शासकीय मंच 2017 मध्ये सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याच्याशी जोडलेले आहेत. कोड पुसट झाला किंवा कॅमेरा तो वाचेनासा झाला, तर कोडखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप करूनही तेच साहित्य उघडता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड अशा डोंगरी तालुक्यांत, जेथे नेटवर्क मध्येच जाते, तेथे ॲपमध्ये आदल्या दिवशीच साहित्य उतरवून ठेवावे. तास सुरू झाल्यावर फिरणारे चक्र पाहत बसलेल्या वर्गाला पुन्हा धड्याकडे वळवणे फार कठीण जाते.

खान अकॅडमीसारख्या संकेतस्थळांवरील गणिताचा भारतीय अभ्यासक्रम प्रामुख्याने एनसीईआरटीच्या क्रमाने लावलेला असतो, हे न पाहता ‘आठवी’ एवढेच निवडले जाते. आपल्या राज्याच्या आठवीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात परिमेय आणि अपरिमेय संख्या येतात, तर एनसीईआरटीमध्ये अपरिमेय संख्या नववीत शिकवल्या जात आल्या आहेत. म्हणून इयत्तेनुसार न शोधता घटकाच्या नावाने शोधावे.

विज्ञानासाठी माझ्या मते सर्वांत मोलाचे संकेतस्थळ म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ (PhET). नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला, आणि त्यातील अनेक प्रतिरूपे (सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग) मराठीतही उपलब्ध आहेत. जुनी प्रतिरूपे जावा किंवा फ्लॅशवर चालत असत आणि फ्लॅशचा आधार 2020 अखेर संपला; त्यामुळे एखादे प्रतिरूप उघडत नसेल, तर त्याची एचटीएमएल-5 आवृत्ती शोधावी. ही आवृत्ती एका फाइलच्या स्वरूपात उतरवून इंटरनेटशिवायही चालवता येते.

येथे होणारी मोठी चूक म्हणजे शिक्षकांनी प्रतिरूप चित्रपटासारखे दाखवणे. विद्युत परिपथाच्या प्रतिरूपात दिवा लावण्याआधी मुलांना ‘आता काय होईल?’ असे विचारून त्यांचे उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि मगच तार जोडू द्यावी. बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर ज्वाळा दिसतात, आणि त्या का दिसल्या, या प्रश्नावर वर्गात खरी चर्चा सुरू होते. मात्र पडद्यावरील तारेला जवळपास रोधच नसतो, तर खरा सेल वापरता वापरता उतरत जातो. म्हणून त्याच दिवशी टॉर्चचा सेल, तार आणि छोटा बल्ब मुलांच्या हातात द्यावा. अशा स्वस्त प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून बनवण्याच्या खेळण्यांचा मोठा साठा आहे.

इतिहास आणि भूगोलात तपासून न पाहण्याची किंमत जास्त पडते. 26 जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. तरीही काही पानांवर जन्मतारीख 26 जुलै 1874 अशी आढळते आणि मुले ती भाषणात तशीच उतरवतात. 26 जुलै 1902 ही मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या आदेशाची तारीख आहे. ज्या शहरात महाराजांनी राज्य केले, त्या शहरातील मुलांच्या भाषणात ही चूक राहू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी. मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ अशा पडताळणीसाठी चांगले आहे, परंतु त्यातील अनेक नोंदी काही दशकांपूर्वी लिहिलेल्या असल्याने लोकसंख्येचे आकडे तेथून घेऊ नयेत. 2011 च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38,76,001 होती. असा आकडा लिहिताना जनगणनेचे वर्षही लिहायला मुलांना शिकवावे.

नदीचे कार्य शिकवताना गुगल अर्थवर प्रयाग चिखलीपासून पंचगंगेचा काठ धरून नृसिंहवाडीतील कृष्णेच्या संगमापर्यंत जावे. नदीची वळणे मुलांना आपोआप दिसतात. ते चित्र त्या क्षणाचे आहे असा समज मुलांचा होतो, तो मात्र आधीच दूर करावा आणि चित्राची तारीख दाखवावी. संगणकावरील गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रेही पाहता येतात; 2019 आणि 2021 च्या महापुरांविषयी बोलताना पूररेषेच्या आत वाढलेली बांधकामे त्यावरून शोधायला लावता येतात.

शेवटी खात्यांविषयी. या वर्गांतील बरीच मुले 13 वर्षांखालील असतात, आणि अनेक संकेतस्थळांवर या वयात पालकांच्या संमतीशिवाय खाते उघडता येत नाही. नियम चुकवण्यासाठी जन्मवर्ष खोटे लिहायला सांगणे पूर्णपणे चूक आहे. फेट आणि ई-बालभारती यांचा वापर विद्यार्थ्यांना खात्याशिवाय करता येतो, तेव्हा सुरुवात तेथूनच करावी. इतर ठिकाणी शिक्षकांनी वर्गाचे खाते तयार करावे, मुलांना पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक द्यावा आणि कोणत्याही फॉर्ममध्ये आधार क्रमांक, घरचा पत्ता किंवा छायाचित्र मागू नये.