बीएमडब्ल्यू आर 69 एस घेताना या चुका टाळा

चकचकीत काळा रंग, त्यावर पांढऱ्या रेघा, पहिल्या किकला सुरू होणारं इंजिन. एवढं पाहूनच अनेकजण इसार देऊन मोकळे होतात. पण या जुन्या मोटरसायकलची खरी किंमत ठरते ती नंबरांवर आणि क्रँकवर (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला दांडा), आणि दोन्ही ठिकाणी घाईत कोणी बघत नाही.

आधी नंबर. 1960 ते 1969 या काळात म्युनिकला आर 69 एस जेमतेम अकरा हजारांवर बनल्या. तिची साधी बहीण आर 60/2 हिची चासी, अर्ल्स फोर्क (पुढचं चाक धरणारा, स्विंगआर्मवर झुलणारा फोर्क), टाकी जवळपास तशीच, फरक इंजिनात. आर 69 एस 42 अश्वशक्तीची, 26 मिमीचे कार्ब्युरेटर; आर 60/2 तीस अश्वशक्तीची, 24 मिमीचे. त्यामुळे साध्या गाडीला 'एस'चा साज चढवून विकणं सोपं जातं. व्हॉल्व्ह कव्हरवर दोन रुंद पट्ट्या म्हणजे 'एस', सहा बारीक पट्ट्या म्हणजे साधी, ही खूण सगळ्यांना ठाऊक आहे. पण कव्हर दहा मिनिटांत बदलता येतं. कारखान्यातून निघताना चासीचा आणि इंजिनाचा नंबर एकच असतो, आणि 'एस'चा नंबर 655004 ते 666320 यांच्या दरम्यान पडतो. रिव्हेट केलेल्या पाटीवर विसंबू नका. चासीवर पंच केलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरा. ग्राइंडरचे ओरखडे किंवा कमीजास्त खोलीचे आकडे दिसले, तर तिथेच थांबा. शंका असेल तर इसार देण्याआधी बीएमडब्ल्यूच्या म्युनिकमधल्या अर्काइव्हला नंबर कळवून गाडी मुळात कोणती होती, केव्हा बाहेर पडली हे विचारा. इंजिन बदललेली गाडी चालवायला उत्तम असू शकते. फक्त मॅचिंग नंबरचा, म्हणजे चासी-इंजिनाचे मूळ नंबर जुळणाऱ्या गाडीचा, भाव तिला देऊ नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'स्लिंगर'बद्दल न विचारणं. या इंजिनात ऑइल फिल्टर नाही, तळाशी फक्त जाळी. क्रँकवर दोन वाटीसारख्या चकत्या असतात, त्याच स्लिंगर. तेल त्यांत येतं, फिरण्याच्या जोराने घाण कडेला चिकटते आणि स्वच्छ तेल भोकातून बिग एंड बेअरिंगला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला) जातं. वर्षानुवर्षं गाळ साचत भोकापर्यंत आला की तेल बंद. तोवर इंजिन शांत, गुळगुळीत चालतं; ठोका ऐकू येतो तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं. चकत्या साफ करायला इंजिन पूर्ण खोलून क्रँक बाहेर काढावाच लागतो. क्रँक प्रेस केलेला असल्याने बेअरिंग बदलायचं तर तो उघडून पुन्हा शतांश मिलिमीटरमध्ये सरळ बसवावा लागतो, आणि हे काम जमणारे मिस्त्री मोजके आहेत. म्हणून "इंजिन बांधलंय" या शब्दावर समाधान मानू नका. क्रँक बाहेर काढल्याचे फोटो, बिल, तारीख मागा. नसेल तर स्लिंगर भरलेत असं धरून तो खर्च किमतीतून वजा करा.

गाडी विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड होऊ द्या, मग अर्धा तास चालवा, बंद करा, लगेच पुन्हा किक मारा. मॅग्नेटोची (बॅटरीविना स्पार्क देणाऱ्या यंत्राची) कॉइल दमलेली असेल तर थंड असताना सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर रुसते. स्पार्क बघताना प्लगची वायर मोकळी सोडून किक कधीही मारू नका. प्लग लावून तो सिलिंडरला टेकवा. वाट न मिळालेला करंट कॉइलचं इन्सुलेशन फोडतो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे इंजिन सुरू झालं म्हणजे चार्जिंग ठीक आहे असं होत नाही. हेडलाइटवरचा लाल दिवा रेस वाढवल्यावर विझायला हवा.

मागचं चाक काढायला लावा. हबमधले आणि चाक फिरवणाऱ्या फायनल ड्राइव्हवरचे, एकमेकांत बसणारे दाते माथ्याशी सपाट हवेत. शार्क माशाच्या दातासारखे टोकदार झाले असतील तर झिजलेत. ग्रीस न लावता वर्षं काढली की हेच होतं.

अर्ल्स फोर्कच्या स्विंगआर्मला बसवण्याच्या दोन जागा आहेत, एक एकट्या गाडीसाठी, दुसरी साइडकारसाठी. साइडकार काढून विकलेल्या गाडीत बोल्ट बऱ्याचदा तसाच राहतो. मग हँडल हलकं लागतं आणि वेगात पुढचं टोक डगमगतं. लोक बेअरिंग बदलत बसतात, बोल्टची जागा मात्र कोणी बघत नाही. अशा गाडीत फायनल ड्राइव्हवरचा गुणोत्तराचा आकडाही वाचा: 25/8 म्हणजे सोलो, 26/6 म्हणजे साइडकारचा.