मूल हाताला चावतं, वस्तू फेकतं, किंचाळतं: एबीए घरात कसं वापरायचं

ऑटिझमचं निदान झालं की एबीए हा शब्द सगळीकडून कानावर यायला लागतो, म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस. बऱ्याच आईबाबांची समजूत अशी होते की मुलाला खुर्चीत बसवायचं, सांगितलेलं केलं की चॉकलेट द्यायचं, झालं एबीए. तसं नाहीये. मूळ मुद्दा एवढाच की कुठलंही वागणं टिकून राहतं कारण त्यातून त्या माणसाला काहीतरी मिळत असतं, आणि ते काय मिळतंय हे कळल्याशिवाय वागणं बदलायला जाऊ नये. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे आधी लॅबमध्ये उंदीर आणि कबुतरांवर तपासलं, मग १९६८ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी हे शास्त्र माणसांसाठी वापरताना काय काय पाळायचं ते लिहून काढलं, त्यात पहिलीच अट ही की जे बदलायला घेताय ते त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात महत्त्वाचं असलं पाहिजे. शेजाऱ्यांना विचित्र वाटतं म्हणून नाही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे निवड. मूल आनंदात हात फडफडवतं, गोल फिरतं, नजरेला नजर देत नाही, याने कुणाला इजा होतेय का? नाही ना, मग ते राहू द्या. निवडायचं ते असं काही ज्याने त्याला लागतं, दुसऱ्याला लागतं किंवा त्याचं शिकणं अडतं. आणि एखादं वागणं अचानक सुरू झालं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान दुखतोय का, दात किडलाय का, पोट साफ होतंय का ते बघा, जे मूल बोलत नाही ते दुखणं असंच सांगतं.

आता एक उदाहरण धरू. चार वर्षांचा मुलगा, बोलत नाही, संध्याकाळी टेबलावर काही करायला बसवलं की स्वतःच्या हाताला चावतो. घरचे म्हणतात हट्टी आहे, लाडावलाय. हे शब्द बाजूला ठेवा आणि वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'चिडला' असं नाही लिहायचं, मोबाईलच्या व्हिडिओत जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. उदाहरणार्थ, '६:४०, मणी ओवायला दिले, तिसऱ्या मण्याला टेबल ढकललं, उजव्या हाताला चावला, आईने मणी उचलून ठेवले आणि पाणी दिलं.' आठवडाभर लिहिलंत की पान स्वतःच बोलायला लागतं, प्रत्येक वेळी आधी अवघड काम आहे आणि नंतर काम बंद झालंय. म्हणजे चावल्याने त्याला सुटका मिळतेय.

साधारण चार गोष्टी असतात ज्यासाठी हे होतं: सुटका, कुणाचं तरी लक्ष, एखादी वस्तू किंवा खाणं, किंवा ती हालचाल शरीरालाच बरी वाटते. तेच चावणं दुपारी आजी फोनवर असताना लक्ष वेधायला पण होऊ शकतं, म्हणून वेळ आणि जागा नीट लिहा. कारण चुकलं तर उपाय उलटा बसतो. समजा सुटकेसाठी चावणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं केलं, तर त्याला हवी तीच सुटका मिळाली, उद्या तो जास्त चावणार!

कारण कळलं की तेच मिळवायचा सोपा रस्ता शिकवायचा. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं की मुलांना मदत कशी मागायची, लक्ष कसं मागायचं हे शिकवलं की त्रासदायक वागणं खूप कमी होतं, पण मागणं आणि कारण जुळलं पाहिजे. आपल्या मुलाला सुटका हवीय, तर त्याला 'थांबू' असं एक कार्ड द्या, तळहाताएवढं, एका हाताचं चित्र असलेलं.

शिकवताना दोघं लागतात. आई समोर, बाबा किंवा ताई मागे. मणी सुरू करा आणि तो खुर्चीत चुळबुळ करायला लागला, हुंकार काढला, की तिथेच, चावायच्या आधी, मागच्या माणसाने अजिबात न बोलता त्याचा हात कार्डाकडे न्यायचा आणि कार्ड आईच्या हातात द्यायला मदत करायची. आईने त्याच सेकंदाला 'थांबू या' म्हणून मणी बाजूला करायचे, एक-दोन मिनिटं पूर्ण मोकळीक. तो हात सोडवून घेत असेल तर धरू नका, फक्त कार्डाकडे बोट दाखवा. मग मदत हळूहळू कमी करत न्यायची, आधी हाताला, मग मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणं, मग दोन-तीन सेकंद वाट बघणं. 'कार्ड दे, कार्ड दे' असं तोंडाने सांगत बसलात तर तो तुमच्या सांगण्याचीच वाट बघायला शिकतो आणि ते सोडवणं फार कठीण जातं.

इथे घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, अहो मग तो प्रत्येक मण्याला कार्ड देईल, काही शिकणारच नाही. देऊ दे. सुरुवातीला प्रत्येक वेळी ते मान्य करायचंच, कारण चावण्यापेक्षा कार्ड जास्त खात्रीने चालतं हे त्याला पटायला हवंय. ते पक्कं झालं की 'आधी एक मणी, मग थांबू', मग दोन मणी, असं वाढवायचं. आणि कामही बघा ना जरा, तिसऱ्या मण्यालाच रोज गाडी अडते तर मणी बारीक असतील, दोरा मऊ असेल, मोठे लाकडी मणी आणि बुटाची कडक नाडी देऊन बघा.

मध्ये चावलाच तर? मोठा आवाज नाही, भाषण नाही, हातावर मऊ उशी किंवा तुमचा हात शांतपणे आड धरा, क्षणभर निवळू द्या, मग काहीतरी अगदी सोपं करून घेऊन थांबवा. चावल्याबरोबर लगेच कार्ड दिलं तर 'चावा, मग कार्ड' अशी साखळी बसते. अजून एक माहीत असू द्या, जुना मार्ग चालेनासा झाला की ते वागणं कमी व्हायच्या आधी थोडे दिवस वाढू शकतं. नेमकं त्याच वेळी आजीला बघवत नाही आणि ती सगळं उचलून ठेवते, म्हणजे मुलाला कळतं की जरा जास्त जोर लावला की होतं, आणि कधीकधी मिळणारी गोष्ट रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट सवय लावते. म्हणून आजी-आजोबांना आधी बसवून समजावून सांगा. डोकं आपटणं, रक्त येईल एवढं चावणं असेल तर हे एकट्याने घरी करू नका, अनुभवी थेरपिस्टबरोबरच करा.

बक्षिसाबद्दल. मुलाला काय आवडतं ते गृहीत धरू नका, रोज दोन गोष्टी समोर ठेवा आणि तो कशाकडे हात नेतो ते बघा. एखाद्याला बुडबुडे लागतात, एखाद्याला पंख्याचं बटण दाबायचं असतं. द्यायचं ते थोडंसं आणि लगेच. रडणं सुरू झाल्यावर 'गप्प बस, मोबाईल देतो' म्हणणं हे बक्षीस नाही, त्यात रडण्याचीच किंमत दिली जाते, आणि मोबाईल दिल्यावर घरात शांतता होते म्हणून पुढच्या वेळी आपणही तो लवकर देतो, म्हणजे सवय आपल्यालाही लागलेली असते.

कपडे घालणं, हात धुणं यासाठी काम बारीक तुकड्यात मोडायचं आणि बऱ्याचदा शेवटून शिकवलेलं बरं. चड्डी घालायची तर पाय घालून, मांड्यांच्या वरपर्यंत आपण आणायची, कमरेपर्यंत शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की मांड्यांपासून त्याचं, मग गुडघ्यापासून. प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा मान त्याला मिळतो.

मोजायला अ‍ॅप नको, उजव्या खिशात राजम्याचे दाणे ठेवा, चावला की एक डाव्या खिशात टाका आणि रात्री दाणे मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा. दोन आठवडे आकडा हललाच नाही तर दोष मुलाचा नाही, कारण परत शोधायला लागा.

थेरपी सेंटर बघताना हे विचारा की ध्येय कोण ठरवतं, नोंदी दाखवता का, मी आत बसू का, मूल नको म्हणालं तर काय करता. एबीएचा भूतकाळ लपवण्यासारखा नाही, ऑटिस्टिक मुलांसाठी एबीए वापरणाऱ्या लोव्हास या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मुलांवर चापट आणि विजेचे झटकेही वापरले, आणि १९८७ च्या त्याच्या ज्या अभ्यासावरून आठवड्याला ४० तास थेरपीचा आकडा आला त्यात ती पूर्ण थेरपी मिळालेली मुलं फक्त १९ होती. मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक सांगतात की लहानपणी त्यांना स्वतःला लपवायला शिकवलं गेलं. ते ऐका. जिथे 'हात शांत' म्हणून मुलाचे हात दाबून धरतात तिथून सरळ बाहेर पडा.

टेबलावर जमलं म्हणजे सगळीकडे जमेल असं नसतं, त्यामुळे कार्डाच्या चार-पाच कॉपी लॅमिनेट करून घ्या, एक टेबलाजवळ, एक बाथरूमच्या दाराला, एक आजीकडे, एक शाळेच्या दप्तराला अडकवून, आणि शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी भेटून सांगा की त्याने हे पुढे केलं की निदान एक मिनिट काम थांबवायचंच, वर्ग कितीही घाईत असला तरी.