बायपासनंतर छाती दुखतेय, जखम ओली वाटतेय : घरी काय बघायचं आणि कधी निघायचं

आबांचं बायपास नाशिकला झालं आणि आठव्या दिवशी आम्ही त्यांना अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन आलो. एप्रिलचा शेवट, आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलेली, दुपारी पारा ४४ च्या पुढे. दवाखान्यातून निघताना हातात एक फाइल, औषधांची पिशवी आणि श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन रंगीत गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र मिळालं. समजावून सांगणाऱ्या सिस्टरच्या मागे अजून पेशंटांची रांग होती, त्यामुळे दहा मिनिटांत सगळं उरकलं. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही जे शिकलो, काही डॉक्टरांना विचारून आणि काही चुका करून, ते क्रमाने लिहितोय. तुमच्या सर्जनने एखाद्या बाबतीत वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

छातीचं हाड मधोमध कापून परत स्टीलच्या तारेने बांधलेलं असतं, म्हणजे दुखणारच. बघायची असते ती दुखण्याची दिशा. रोज थोडं थोडं उतरत असेल, तर जखम सांधतेय. उतरलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं, तर काहीतरी बिघडलंय असं धरून चाला.

पहिल्या दिवशी : वही करा

शाळेची साधी वही घ्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी ताप, नाडी, वजन, साखर आणि दुखणं १० पैकी किती, एवढं लिहा. वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वाढलं, तर अंगात पाणी साठत असू शकतं. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा.

छातीच्या आणि पायाच्या (बायपाससाठी शीर काढली तिथल्या) जखमेचा रोज एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात मोबाईलवर फोटो काढा. डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही, चार दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की लाली सरकलेली लगेच दिसते. फोनवर डॉक्टरांना "थोडं लाल आहे" म्हणण्यापेक्षा तो फोटो पाठवला की काम होतं.

जखमेची रोजची निगा

जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू द्या. आंघोळीची परवानगी मिळाली की मगाने पाणी घेऊन साध्या साबणाने हलकेच धुवा आणि स्वच्छ पंच्याने टिपून कोरडं करा, चोळू नका. विहीर, नदी, टाकी यांत जखम पूर्ण भरेपर्यंत उतरायचं नाही. छातीचा आणि पायाचा पंचा वेगवेगळा ठेवा.

आमच्याकडच्या उन्हात घाम हा मोठा शत्रू. आबांचा सुती सदरा दिवसातून तीनदा बदलायचो. बायकांनी स्तनांखालच्या घडीकडे जास्त लक्ष द्यायला हवं, तिथे ओल साचते. शिवाय स्तनांच्या ओझ्याने टाके ओढले जातात. पुढून उघडणारी, तार नसलेली मऊ सुती ब्रा दिवसरात्र घातली तर आधार मिळतो. हे कोणी आपणहून सांगत नाही आणि घरातल्या बायका लाजेने विचारत नाहीत.

जखमेवर हळद, तेल, मंजन, राख, कोरफड काहीही लावू नका. आमची चूक इथेच झाली. भेटायला आलेल्या आत्याबाईंनी मायेपोटी आबांच्या पायावर, जिथून शीर काढली होती तिथे, चिमूटभर हळद दाबली. आबांनी ते आम्हाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पायजम्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. हळदीचाच असेल म्हणून आईने धुवायला टाकला. तिसऱ्या दिवशी डाग परत आला, या वेळी त्याला वास होता. विचारलं तर आबांचं एकच : "काई व्हयेल नही माले." ताप १०१ निघाला आणि साखर २९०. नाशिकला डॉक्टरांनी तीन टाके सोडले, पू काढला, तो तपासायला पाठवला आणि मग अँटिबायोटिक सुरू केलं. पुढे तीन आठवडे रोज ड्रेसिंग. दोष एकट्या हळदीचा नव्हता, साखर आधीच चढलेली होती, पण लपवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून कपडा धुवायला टाकण्याआधी उजेडात धरून बघायचा, हा आमच्या घरचा नियम झाला.

यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा :
– ताप १००.४ किंवा त्याहून जास्त, किंवा हुडहुडी
– लाली पसरतेय, जागा गरम लागते
– पू, घाण वास, टाक्यांची कड उघडलेली
– छातीतून अचानक पातळ लालसर पाणी यायला लागलं
– खोकताना किंवा कूस बदलताना छातीचं हाड "कट्" वाजतं, सरकल्यासारखं वाटतं

शेवटच्या दोन खुणा मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. हाडापर्यंत गेलेला संसर्ग बऱ्याचदा पहिल्या महिन्यात, वरून जखम बरी दिसत असतानाही डोकं वर काढतो. तेव्हा "टाके तर सुकलेत" म्हणून घरी थांबू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया असतोच, म्हणून ताप आला की सगळे तिकडेच बोट दाखवतात. त्या तपासण्या जरूर करा, पण डॉक्टरांना आधी सांगा की छातीचं ऑपरेशन झालंय. घरात उरलेलं अँटिबायोटिक परस्पर देऊ नका. दोन गोळ्यांनी ताप दबतो, आतला पू तसाच राहतो आणि तपासणीत जंतूही सापडत नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मात्र बरं वाटलं तरी पूर्ण करा.

ज्यांची हृदयाची झडप बदलली आहे त्यांना जास्त जपावं लागतं. कृत्रिम झडपेवर जंतू बसू शकतात आणि त्यांची एक वाट तोंडातून जाते. दात काढण्याआधी किंवा हिरड्यांचं काम करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना झडपेचं सांगा, ते आधी अँटिबायोटिकचा डोस देतात. हे आयुष्यभर लक्षात ठेवायचं. अशा माणसाला कारण न कळणारा ताप आला, तर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का बघणारी तपासणी) करायला सांगा. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असाल, तर नवीन औषध सुरू झाल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) कधी तपासायचा ते विचारून घ्या.

साखर आणि ताट

साखर चढलेली असली की जखम भरत नाही. किती ठेवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरी ग्लुकोमीटर ठेवा. आखाजीला घराघरांत आमरस आणि सांजोऱ्या. आबांच्या पुढून वाटी उचलताना आईला रडू आलं, पण तिने उचलली. जखम भरायला प्रथिनं लागतात : डाळ, दही, दूध, अंडं. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ हे तर आपल्या घरचंच. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या बंद, कारण मीठ. बिडी-तंबाखू पूर्ण बंद, त्याने जखमेला रक्त कमी पोचतं.

छातीतलं दुखणं ओळखायचं कसं

टाक्यांचं आणि हाडाचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. खोकलं, शिंकलं, हात वर केला, कूस बदलली की वाढतं. मान, खांदे, पाठीचे फरे (खांद्यामागची हाडं) यांतही दुखतं, कारण शस्त्रक्रियेत फासळ्या ताणून धरलेल्या असतात. डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, विजेसारखी चमक महिनोन्‌महिने राहू शकते, विशेषतः बायपाससाठी छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर. यात घाबरण्यासारखं नाही.

हृदयाचं दुखणं बोटाने दाखवता येत नाही, माणूस अख्खा पंजा छातीवर ठेवतो. दाब, आवळल्यासारखं, जड. चालताना, जिना चढताना येतं आणि थांबलं की कमी होतं. जबडा, डावा हात, पाठ, पोटाच्या वरच्या भागापर्यंत जातं. घाम, मळमळ, धाप. मधुमेह्यांना कधी कधी दुखणं जाणवतच नाही, नुसती धाप लागते आणि घाम फुटतो. ऑपरेशनच्या आधी जसं दुखायचं तसंच आता दुखतंय असं पेशंट म्हणाला, तर त्याचं खरं माना.

तिसरा एक प्रकार आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. ऑपरेशननंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बारीक ताप येतो, श्वास आत घेतला की सुरी खुपसल्यासारखं होतं, आडवं झालं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की हायसं वाटतं. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. औषधाने बरं होतं, पण दाखवायला लगेच जावं, कारण आत पाणी साठू शकतं.

दुखणं कमी करायला

वेदनाशामक ठरल्या वेळी घ्या, सहन करत बसू नका. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. साधारणपणे पॅरासिटामॉल देतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या-इंजेक्शनं बायपासनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका, त्याने हार्ट अटॅकचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. गावात अंग दुखलं की हेच इंजेक्शन टोचतात. आमच्याकडेही एकाने सुई भरली होती, आईने नाशिकला फोन लागेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

श्वासाच्या त्या तीन गोळ्यांच्या यंत्राचं नीट ऐका. त्यात फुंकायचं नसतं, हवा सावकाश आत ओढायची असते. आबा पहिले चार दिवस जोर लावून फुंकत होते. जागेपणी तासातासाला दहा वेळा करा. खोकताना उशी किंवा गोधडीची घडी छातीशी घट्ट कवटाळा.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मग बसा. झोळ पडलेल्या खाटेवर हे जमत नाही, म्हणून पलंग किंवा फळी हवी. खाली बसून हाताच्या जोरावर उठणं बंद, संडासाला कमोडची खुर्ची आणा. साधारण तीन महिने हंडा, बादली, कापसाची गाठोडी, मोटरसायकल, हातपंप काही नाही. पहिले सहा-आठ आठवडे चार-पाच किलोंच्या वर हात लावू नका.

भेटायला येणारे

आपल्याकडे माणूस दवाखान्यातून आला की अख्खा भाऊबंद येतो, आणि न येणाऱ्याचं वाईट दिसतं. आम्ही ओट्यावर दोन खुर्च्या आणि साबण-पाण्याची बादली ठेवली. सर्दी-खोकला असलेल्यांना आईच सांगायची, "भाऊ, आबाले पंधरा दिन व्हऊ द्या." कोणी रागावलं नाही.

रात्री दुखलं तर

फाइल, औषधांची यादी, सर्जनचा नंबर दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवा. दाबासारखं दुखायला लागलं की पेशंटला बसवा. सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिलेली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवा, चक्कर येत असेल किंवा बीपी कमी असेल तर देऊ नका. पाच मिनिटांत कमी झालं नाही, किंवा धाप, घाम, बेशुद्धी असेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. एका पायाची पोटरी दुखून सुजली आणि अचानक धाप लागली, तरीही हेच करा.

अशा वेळी थेट नाशिकची गाडी काढू नका. जिथे ईसीजी निघतो असं सगळ्यांत जवळचं ठिकाण गाठा, तिथून ईसीजीचा फोटो सर्जनला पाठवा, पुढे हलवायचं का ते तिथे ठरतं. असं ठिकाण कुठलं, ते रात्री उघडं असतं का, हे आजच दिवसा जाऊन बघून या. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, मोटरसायकलवर मध्ये बसवूनही न्यायचं नाही.

आबांना जूनमध्ये एकदा रात्री दोनला छातीत जड वाटलं. आम्ही वीस मिनिटांत पोचलो, ईसीजी आणि रक्ततपासणी ठीक निघाली. हाडाचंच दुखणं होतं, संध्याकाळी त्यांनी गोठ्यात वासराची दोरी ओढली होती. परत येताना ते सारखे म्हणत होते की उगाच तुम्हाला जागवलं. सकाळी चहाच्या आधी आईने वही काढून त्यांच्याच हातात दिली आणि त्यांनी स्वतः लिहिलं : रात्री २.१०, दुखणं ६, ईसीजी बरोबर, दोरी ओढायची नाही.