लाइव्ह डेमो हॉलच्या वायफायवर सोडू नका
संध्याकाळच्या टेक-टॉकमध्ये लॅपटॉपवरची वेब सेवा श्रोत्यांना त्यांच्या फोनवर उघडायला लावणार असाल, तर स्वतःचा छोटा राउटर न्या. पाहुण्यांच्या वायफायवर बहुधा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असतं. इंटरनेट मिळतं, पण शेजारचा लॅपटॉप दिसत नाही. सर्व्हर १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच लॅपटॉप) ऐवजी ०.०.०.० वर (म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर) सुरू करा, नाहीतर उत्तर फक्त तुमच्याच ब्राउझरला मिळेल. (फायरवॉलची परवानगी घरीच देऊन टाका, आणि डेमो संपला की सर्व्हर बंद करा.) मॅकवर ५००० पोर्ट टाळा: मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून तो पोर्ट एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरचं चित्र-आवाज मॅकवर घेणारी सोय) अडवून बसतो. डॉकर इमेज (अ‍ॅप चालवण्यासाठीचं तयार पॅकेज) वापरणार असाल तर आदल्या रात्रीच उतरवून घ्या. टर्मिनलचा फॉन्ट किमान २४. काळ्यावरची करडी अक्षरं प्रोजेक्टरवर मागच्या रांगेला दिसतच नाहीत.