पासवर्ड ज्याचा त्याने बदलावा

सकाळची डोंबिवली फास्ट. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्यात फोन, आणि पलीकडून अकाउंट्समधले काका: "जरा माझा पासवर्ड बदलून द्या ना." मग मी नवा पासवर्ड मोठ्याने सांगायचा आणि तो अख्ख्या डब्याने ऐकायचा.

खरं तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्वतःचा पासवर्ड बदलायला वेगळी ग्रँट (परवानगी) लागतच नाही. खातं निनावी नसलं की हक्क आलाच. काकांना आता एकच ओळ दिलीय (उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायची):

ऑल्टर यूजर यूजर() आयडेंटिफाइड बाय 'नवा' रिप्लेस 'जुना';

'यूजर()'मुळे स्वतःचं नाव, होस्ट (कुठल्या मशीनवरून जोडतोय ते) काही आठवावं लागत नाही. 'रिप्लेस' मायएसक्यूएलच्या ८.०.१३ आवृत्तीपासून आलं. खात्याला 'पासवर्ड रिक्वायर करंट' लावलंत की जुना पासवर्ड दिल्याशिवाय नवा लागत नाही. काका लॉगिन तसंच ठेवून चहाला जातात, म्हणून मी ते लावतोच.

नव्या माणसाला तात्पुरता पासवर्ड देऊन 'पासवर्ड एक्स्पायर' करा. तो आत शिरतो, पण पासवर्ड बदलेपर्यंत दुसरी कुठलीही क्वेरी चालत नाही. काही जुनी रिपोर्टिंग टूल्स मात्र अशा वेळी थेट बाहेर काढतात. पहिला बदल साध्या कमांड-लाइन मायएसक्यूएल क्लायंटमधून करायला सांगा.

माझी फजिती झाली ती दोन ठिकाणी. एक, होस्ट. अंधेरीच्या ऑफिसमधून आणि घरच्या व्हीपीएनवरून येणाऱ्या काकांची मी दोन खाती केली होती. नाव एकच, होस्ट वेगळा, म्हणजे मायएसक्यूएलच्या लेखी माणसं दोन. ऑफिसात बदललेला पासवर्ड घरी चालेना. दुसरं, रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी नक्कल. रिपोर्टवाले तिथेच लॉगिन करतात आणि ती रीड-ओन्ली (फक्त वाचायला), तिथे साध्या यूजरला पासवर्ड बदलता येत नाही. त्यात मुख्य सर्व्हरवर केलेलं 'एक्स्पायर' रेप्लिकेवरही उतरतं, म्हणजे बिचारे आत येऊन अडकतात. त्यांना पासवर्ड बदलण्यापुरती मुख्य सर्व्हरची वाट उघडून द्या.

आणि अ‍ॅप्लिकेशनच्या खात्याला (ज्यावरून बिलिंगसारखे प्रोग्राम जोडतात) आधीच 'पासवर्ड एक्स्पायर नेव्हर' लावा, म्हणजे मुदत संपून ते आपोआप एक्स्पायर होणार नाही. पण हाताने एक्स्पायर करताना ते वगळाच, तिथे 'नेव्हर' वाचवत नाही. मी उत्साहात सरसकट सगळीच खाती एक्स्पायर केली होती. बिलिंग बंद पडल्याचा फोन आला, तेव्हा गाडीने नुकतंच दिवा सोडलं होतं आणि लॅपटॉपची बॅग होती वरच्या रॅकवर, चार माणसांपलीकडे.