दुकानातली सॉसेजेस घरी धुरावायची तर

सॉसेजेसना धूर द्यायला दोन-अडीच तास पुरतात, पण तयारी आदल्या दिवशी सुरू करावी लागते. चव निम्मीअधिक ठरते ती पाकीट निवडताना आणि रात्री फ्रिजमध्ये. म्हणून ही यादी दुकानापासून सुरू करते.

पाकीट हातात घेतलं की आधी एवढंच शोधा: आतला माल कच्चा आहे की शिजवलेला? ‘फ्रेश’, ‘रॉ’ किंवा ‘अनकुक्ड’ लिहिलेलं असेल तर तो कच्चा. ‘फुली कुक्ड’ किंवा ‘रेडी टू ईट’ असेल तर शिजलेला; त्याला फक्त धुराचा वास आणि ऊब द्यायची असते. समोर मोठ्या अक्षरांत ‘स्मोक्ड’ असेल तर मागची घटकांची यादीही वाचा. तिथे ‘स्मोक फ्लेवर’ दिसलं तर धुराची चव अर्काच्या रूपात घातलेली आहे. अशा सॉसेजेसना पुन्हा भरपूर धूर दिला की ती कडवट होतात, त्यामुळे ती परत जागेवर ठेवा. माझी पसंती नेहमी कच्च्या, अंगठ्याहून जाड, जाडसर खिम्याच्या सॉसेजेसना. ती सावकाश शिजतात आणि तेवढ्या वेळात धूर नीट मुरतो.

मग चरबीचा आकडा पाहा. शंभर ग्रॅममागे वीस ते तीस ग्रॅम चरबी असेल तर सॉसेज रसाळ राहतं. कोंबडीच्या सॉसेजेसमध्ये ती बहुधा कमी असते. तीही छान होतात, फक्त वेळेवर उतरवावी लागतात. आत चीज भरलेली असतील तर ती तव्यावरच करा. धुराच्या लांब वेळात चीज वितळून बाहेर येतं.

सालाकडेही लक्ष द्या. आतड्याचं नैसर्गिक साल थोडं वाकडंतिकडं, कमी-जास्त जाडीचं दिसतं. त्यातून धूर चांगला आत जातो आणि चावताना ते ‘कट्’ असा आवाज करतं. कोलॅजनचं साल एकसारखं, गुळगुळीत असतं, तेही चालतं. प्लॅस्टिकच्या आवरणातून मात्र धूर जात नाही आणि ते खायचंही नसतं. पाकिटात पाणी साचलेलं असेल, हवाबंद पिशवी फुगलेली किंवा सैल असेल, तर तारीख पुढची असली तरी ते परत ठेवा.

इथेच एक गोष्ट पक्की करा: हा बेत गरम धुराचा आहे. तीस अंश सेल्सिअसच्या खालचा थंड धूर दुकानातल्या कच्च्या सॉसेजेसना कधीही देऊ नका. चार ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. त्यात सालाच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणाऱ्या जंतूला नेमकं तेच मानवतं. थंड धुराच्या मालात म्हणूनच नायट्राइट हा जंतू रोखणारा क्षार मोजून घातलेला असतो आणि तो ठरावीक पद्धतीने मुरवलेला असतो. लेबलवर सोडियम नायट्राइट किंवा ई-२५० वाचून घरी तो प्रयोग करावा, असं मला अजिबात वाटत नाही.

घरी आणल्यावर माल गोठलेला असेल तर रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या. ओट्यावर नको. एकमेकांना चिकटलेली सॉसेजेस ओढून वेगळी करू नका, साल फाटतं.

आता या साऱ्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम. सॉसेजेस कागदी रुमालाने टिपून कोरडी करा, ताटावर जाळी ठेवून तिच्यावर एकमेकांना न लागतील अशी मांडा आणि न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे कच्चा रस दुसऱ्या अन्नावर ठिबकणार नाही. रात्रभर ठेवा, घाई असेल तर तीन-चार तास तरी. साल हाताला कोरडं पण किंचित चिकट लागलं की समजा झालं. धुरातले वासाचे आणि रंगाचे कण या चिकट थरावर सारखे बसतात. साल ओलं असेल तर थेंब ओघळतात, काळपट पट्टे उठतात आणि चव आंबूस लागते. बाजारात महागडे स्मोकर मिळतात, पण ओल्या सॉसेजवर त्यांचाही इलाज चालत नाही. दुसऱ्या दिवशी सॉसेजेस बाहेर काढून कोमट होऊ देण्याची गरज नाही, फ्रिजमधून थेट जाळीवर जाऊ द्या. आणि काट्याने टोचू नका! टोचलं की रस आणि चरबी दोन्ही गळून जातात.

थर्मामीटर दोन लागतील: एक जाळीजवळची हवा मोजायला, दुसरा सॉसेजच्या आत खुपसायला. झाकणावर बसवलेला काटा वरची हवा दाखवतो, जाळीवरची नाही. बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून शून्य दिसतं का, ते आधीच तपासून ठेवा.

लाकूड कठीण जातीचं, पूर्ण वाळलेलं आणि रंग, पॉलिश किंवा रसायन न लागलेलं हवं. सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचा धूर सौम्य असतो, हिकरीचा ठसठशीत, मेस्कीटचा फारच तीव्र. सॉसेजमध्ये मसाला आधीच असतो, म्हणून मी सौम्य लाकूड सुचवेन. पाइनसारखं चिकाचं लाकूड, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे, काही काही नको. ढलप्या पाण्यात भिजवू नका. भिजलेलं लाकूड आधी वाफ सोडत बसतं. मुठीएवढे दोन तुकडे पुरतात.

स्मोकर नसला तरी झाकणाची कोळशाची शेगडी छान काम देते. निखारे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पाण्याचं पसरट भांडं, त्याच्या वर सॉसेजेस आणि झाकणाची झडप नेमकी त्यांच्यावर. कोळसा पेटवायला द्रव इंधन नको, त्याचा वास उतरतो. हे सगळं उघड्यावरच करा. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा जाळला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

जाळीजवळ ११० ते १२० अंश धरून ठेवा. त्याहून वर गेलं की चरबी सुटून साल फुटतं. पांढरा दाट धूर येत असेल तोवर सॉसेजेस ठेवू नका. झडपा उघडा आणि धूर पातळ, निळसर होऊ द्या. ठेवताना मध्ये बोटभर अंतर, अर्ध्या वेळाने एकदाच उलटवा. झाकण उघडलं की उष्णता जाते, वेळ लांबतो. जाड कच्च्या सॉसेजेसना दीड ते अडीच तास लागतात, बारीक तासाभरात होतात. पण घड्याळापेक्षा आत खुपसायच्या थर्मामीटरवर भिस्त ठेवा. तो टोकाकडून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत घाला. डुक्कर, बकरी, गोमांस असेल तर ७१ अंश, कोंबडी किंवा टर्की असेल तर ७४. आधीच शिजलेल्या सॉसेजेसनाही ७४ पर्यंत नेणं उत्तम. आतला रंग पाहून ठरवू नका, कारण लाकडाच्या धुरातले वायू मांसाचा गुलाबीपणा टिकवून ठेवतात आणि पूर्ण शिजलेलं सॉसेजही कच्चं वाटतं.

साल चिवट वाटलं तर शेवटी मिनिटभर निखाऱ्यांवर फिरवा. लगेच खायची नसतील ती बर्फाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे शिजणं थांबतं आणि सालाला सुरकुत्या पडत नाहीत. मग पुसून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ती तीन-चार दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये ठेवायची असतील तर एकेक सुटी गोठवून मग हवाबंद पिशवीत भरा आणि दोन महिन्यांत संपवा.